आजारपणाचा खाडा

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘वंचित समूहांचे आरोग्य : विषमतेची कारणे आणि उपाय’ असा छापला आहे. विषय मीच कळवलेला असल्यामुळे त्याच्या लांबीचा दोष संयोजकांना देता येत नाही. कारणे आणि उपाय असे दोन्ही पाऊण तासात बसवायचे आहे, आणि अशा व्याख्यानांचा आजवरचा रिवाज असा, की वक्त्याचा सगळा वेळ कारणांत जातो आणि उपाय आभारप्रदर्शनाच्या तोंडावर येतात. तसे होऊ नये, असा माझा प्रयत्न राहील.

आरोग्यातील विषमता म्हटले की आपल्याकडे गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार ही नावे घेण्याची प्रथा आहे, आणि ती अस्थानी नाही. परंतु दूरच्या अन्यायाबद्दल ऐकताना श्रोत्याला एक प्रकारचे स्वास्थ्य लाभते, ते आज मी आपल्याला लाभू देणार नाही. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत या सभागृहापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर, कारखान्याच्या रस्त्याला लागून ज्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या झोपड्या, उभ्या राहतात, त्यांत राहणाऱ्या ऊसतोड कामगारांबद्दल आणि विशेषतः त्यांच्यातील स्त्रियांबद्दल मी बोलणार आहे. आपल्यापैकी निम्मे तरी कुठल्या ना कुठल्या साखर कारखान्याचे सभासद असतील आणि उरलेले चहात साखर घेत असतील. मधुमेहामुळे ती सोडलेल्यांना आज पूर्ण तटस्थपणे ऐकण्याची मुभा आहे.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार इतकाच, की मी मराठवाड्यात सरकारी दवाखान्यांत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर इकडे ऊसपट्ट्यात राहायला आलो. त्यामुळे ज्या बाया मला पूर्वी उन्हाळ्या-पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांत ओपीडीच्या रांगेत दिसत, त्याच आता हिवाळ्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना दिसतात. एकाच माणसाची वर्षाची दोन्ही टोके पाहायला मिळाली, की एकाच टोकाला बसून लिहिलेल्या अहवालांवरचा विश्वास थोडा कमी होतो.

आधी दोन-चार आकडे मांडतो. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्या जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले, की बीड जिल्ह्यात मागील तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होते. या दोन पाहण्यांतील स्त्रियांची वये सारखी नाहीत, त्यामुळे सतराला अडीचने भागून ‘सातपट’ म्हणण्याची घाई मी करणार नाही. मथळा देणाऱ्यांनी ती केलेली आहेच. पण वयाची कितीही दुरुस्ती केली, तरी हे अंतर मिटणारे नाही, हे समजायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

आता या आकड्यांचे कारण काय, असे विचारले की आपल्याकडे एक उत्तर तयार असते : अज्ञान. बाया अडाणी आहेत, त्यांना स्वच्छतेचे महत्त्व कळत नाही, आहार कळत नाही, डॉक्टरने भीती घातली की त्या टेबलावर जाऊन झोपतात. म्हणून उपाय जनजागृती. माझे सगळे भांडण या उत्तराशी आहे आणि ते मी गेली अनेक वर्षे मिळेल त्या व्यासपीठावर मांडत आलो आहे. आजचे व्यासपीठ आपण आपणहून दिले, त्याबद्दल मी आभारी आहे. माझे म्हणणे असे, की या स्त्रियांचे आरोग्य त्यांच्या माहितीवर ठरत नाही. ते त्यांच्या कामाच्या करारावर ठरते. तो करार कसा आहे हे समजून न घेता केलेली जनजागृती निरुपयोगी तर असतेच, पण कधी कधी तिची किंमतही त्या बाईलाच मोजावी लागते. ती कशी, याचा एक नमुना सांगतो. थोडा लांबेल, पण अध्यक्षांनी सहन करावे.

महिला दिन होता. एका सहकारी साखर कारखान्याने आवारात मांडव घालून ऊसतोड महिलांसाठी आरोग्य प्रबोधन मेळावा ठेवला होता. कारखान्याचे नाव मी सांगणार नाही, आणि समोरच्या रांगेत जे एकमेकांच्या कानात अंदाज बांधत आहेत, त्यांचेही अंदाज चुकीचे आहेत. मला पाहुणा म्हणून बोलावले होते. कार्यक्रम सकाळी अकराचा. आता फडाचे, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या रानातले, वेळापत्रक आपल्याला ठाऊक आहे. बाई पहाटे तीनला उठते, चूल पेटवते, भाकरी बांधते, हंडाभर पाणी कुठून तरी आणते, आणि अंधारातच टोळी फडाकडे निघते. अकरा ही तिच्या दिवसाची ऐन मध्यावरची वेळ. तरी ट्रॅक्टर पाठवून दीड-दोनशे बाया आणल्या गेल्या. त्यांच्या हाताला उसाच्या कुसळांनी पडलेले ओरखडे होते, अंगात नवऱ्याचे जुने फुलशर्ट होते आणि काहींच्या काखेत पोरे होती. मांडवात त्यांना सतरंजीवर बसवले आणि व्यासपीठावर आम्हाला सोफ्यावर.

दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, संचालक मंडळाच्या सत्काराला अर्धा तास गेला. (महिला दिनाच्या कार्यक्रमात एकूण सतरा पुरुषांना नारळ मिळाले, त्यांत एक मीही होतो.) मग शहरातून आलेल्या आहारतज्ज्ञ बाईंचे भाषण झाले. भाषण चांगले होते, मुद्देसूद होते, आणि ते एखाद्या बँकेच्या कर्मचारी भगिनींसमोर दिले असते तर त्यातील एकही वाक्य खोडता आले नसते. रोज हिरव्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, शक्य असल्यास डाळिंब किंवा बीट. सात ते आठ तास झोप. गरोदरपणात जड वजन उचलू नये. मासिक पाळीत दर चार-सहा तासांनी पॅड बदलावे. आणि दिवसभरात किमान तीन लिटर पाणी प्यावे.

शेवटी कोणाला काही शंका आहेत का, असे विचारले. अशा कार्यक्रमांत हे, कोणी काही विचारणार नाही या खात्रीनेच विचारलेले असते. पण मागच्या बाजूला बसलेली, पन्नाशीची दिसणारी एक बाई उठली. पन्नाशीची दिसणारी म्हणतो, कारण मराठवाड्यातल्या ओपीडीत मी दिसणाऱ्या वयातून दहा-बारा वर्षे वजा करायला शिकलो होतो. ती म्हणाली, “बाई, तीन लिटर पाणी पिऊन जायाचं कुटं?”

मांडवात हशा पिकला. आहारतज्ज्ञ बाई गोंधळल्या आणि सूत्रसंचालकाने “छान प्रश्न, त्याचं उत्तर आपण नंतर वैयक्तिक देऊ” असे म्हणून आभार उरकले. मात्र त्या दिवसाच्या सगळ्या भाषणांमध्ये रोगनिदान त्या एकाच वाक्यात होते. फडात संडास नसतो, हे तर उघड आहे. पण फड कापत गेले की आडोसाही उरत नाही, भोवती टोळीतले पुरुष, गाडीवाले, रस्त्यावरची रहदारी. म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाणी न पिता उन्हात बारा-चौदा तास काम केले की लघवीला जळजळ होते, संसर्ग होतो, ओटीपोट दुखते, ताप येतो. पाळीच्या कापडाची गत वेगळी सांगायला नको. धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही, बदलायला आडोसा नाही. त्या मेळाव्यात प्रत्येकीला पॅडची दोन पाकिटे दिली गेली. ती कुठे बदलायची आणि वापरलेली कुठे टाकायची, हा प्रश्न पाकिटावर छापलेल्या सूचनांत सुटलेला नव्हता.

पुढचे ऐका. काही दिवसांनी त्याच टोळीतली एक बाई अंगावरून पांढरे जाते म्हणून तपासायला आली. बोलता बोलता म्हणाली, की मेळाव्याच्या दिवशीचा अर्धा खाडा टोळी जमवून आणणाऱ्या मुकादमाने मांडून ठेवला आहे. कारखान्याने बोलावले, कारखान्याच्या ट्रॅक्टरने नेले, पण फडात हात कमी पडले ते पडलेच. खात्रीसाठी मी मुकादमाला विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मला वर कोणी माफ करतंय का?” आणि मेळाव्याच्या अहवालात, जो छापून मलाही पाठवण्यात आला, पहिलाच निष्कर्ष असा होता : ‘ऊसतोड महिलांमध्ये आरोग्यविषयक कमालीचे अज्ञान आढळून आले.’

माझा राग त्या आहारतज्ज्ञ बाईंवर नाही, मुकादमावरही फारसा नाही. राग त्या निष्कर्षावर आहे. ज्या बाईने भर मांडवात नेमका प्रश्न विचारला, तिलाच अज्ञानी ठरवून अहवाल बंद झाला.

आता तो खाडा म्हणजे काय, ते नीट पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. ऊसपट्ट्यातल्या श्रोत्यांना त्यातले बरेच माहीत आहे, तरी साखळी एकदा डोळ्यांसमोर आणू. कारखाना तोडणी-वाहतूक ठेकेदाराला आगाऊ रक्कम देतो, ठेकेदार मुकादमाला देतो आणि मुकादम गावोगाव फिरून जोडप्यांना उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल जोडप्याला मिळते, पण व्यवहार नवऱ्याशी होतो आणि बाईचे नाव कुठल्याही कागदावर नसते. हंगाम संपेपर्यंत तोडलेल्या टनांतून ती उचल फेडायची. जानेवारी २०२४च्या वाटाघाटींत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. जोडप्याने दिवसाला दोन टन तोडले, तर दोघांचे मिळून सातशे बत्तीस रुपये, आणि त्यात बाईचा स्वयंपाक, पाणी, पोरे, रात्री गाडी आली की पुन्हा भराई, हे सगळे फुकट. दोघांपैकी एक जण जरी कामावर आला नाही, तरी कोयता मोडतो. म्हणून त्या दिवसाचा दंड लागतो, तो खाडा. साधारण पाचशे रुपये, कुठे कमी, कुठे जास्त. लक्षात घ्या, न केलेल्या कामाची मजुरी बुडते ती वेगळीच. वर हा दंड. आजारी पडण्यासाठी माणसाला पैसे भरावे लागतात, असा हा करार आहे.

येथे मला ऊस उत्पादकांची बाजू विसरता येणार नाही, नाहीतर प्रश्नोत्तरांत माझी खैर नाही. आपल्याला तोड वेळेवर मिळत नाही, ऊस वाळतो, टोळीला खुशाली आणि गाडीवाल्याला एंट्री म्हणून वरचे पैसे द्यावे लागतात, आणि उचल घेऊन पसार झालेल्या मुकादमांनी कितीतरी ट्रॅक्टरवाल्यांना बुडवले आहे. हे सगळे खरे आहे. पण या भांडणात कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे आणि मुकादम कोयत्याकडे, आणि साखळीच्या शेवटी जिच्याकडे बोट येते, तिला पुढे दाखवायला कोणी उरत नाही.

आता त्या बाईच्या जागी बसून हिशेब करा. समजा तिला अनियमित, जास्त रक्तस्राव होतो, दर महिन्याला चार दिवस उभे राहवत नाही. पाच-सहा महिन्यांचा हंगाम धरला, तर वीस-बावीस खाडे होतात. म्हणजे दंडाचेच दहा-अकरा हजार, बुडालेली मजुरी निराळी. खाजगी दवाखान्यात पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला पंचवीस-तीस हजार लागतात आणि ते मुकादम पुढच्या उचलीत धरून आनंदाने देतो. दोन-तीन हंगामांत शस्त्रक्रिया वसूल. वर्तमानपत्रांत आले होते, की मुकादम पिशवी काढलेल्या बायाच मागतात. माझ्या पाहण्यात तशी उघड अट कोणी घातलेली नाही. तशी अट घालण्याची त्याला गरजच पडत नाही, कारण तो हिशेब बाई स्वतःच करते, आणि बेरीज-वजाबाकी अचूक करते. त्या हिशेबात एकच रक्कम धरलेली नसते, कारण ती तिला कोणी सांगितलेली नसते. शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले, तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोश ठेवले, तरी रजोनिवृत्ती नेहमीच्या वयाच्या आधीच येण्याची शक्यता असते. मग त्याच बाया चाळिशीत ओपीडीत येतात आणि सांगतात, अंगाची आग होते, कंबर धरते, गुडघ्यात जीव नाही, मोळी उचलवत नाही. ज्या कामासाठी गर्भाशय दिले, ते कामच मग होत नाही.

माझ्या वैद्यकीय मित्रांना हे आवडत नाही, तरी त्यांच्याबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. अंगावरून पांढरे जाणे आणि ओटीपोटातले दुखणे हे बहुतेक वेळा संसर्गाचे असते आणि गोळ्यांनी बरे होते. जास्त रक्तस्रावालाही औषधे आहेत. मग डॉक्टर शस्त्रक्रिया का सुचवतात? लोभ आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. सोनोग्राफीच्या कागदावर ‘पिशवीला सूज’ असे लिहायचे आणि ‘पुढे कॅन्सर होईल’ असे सांगायचे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण लोभाने सगळे उलगडत नाही. औषधोपचार नीट करायचा, तर चौदा दिवस गोळ्या, नवऱ्यालाही औषध, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी, रक्तस्राव असेल तर तीन-चार महिने लक्ष ठेवणे. हा सगळा उपचार एका जागी राहणाऱ्या, रजा मिळणाऱ्या आणि पुन्हा दवाखान्यात येऊ शकणाऱ्या माणसासाठी रचलेला आहे. जी बाई दसऱ्यानंतर कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावकडे जाणार आणि पाडव्याला परत येणार, तिच्या वेळापत्रकात एकच उपचार बसतो. जो एकदाच करावा लागतो, तो. कित्येक जणी मला म्हणाल्या आहेत, “डाक्टर, येकदाच काय ते मोकळं करा.” त्या बाईला अडाणी म्हणणाऱ्याने एकदा तिचे वेळापत्रक घेऊन बसावे आणि दुसरा मार्ग काढून दाखवावा.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात आयुष्यभर दवाखाना चालवलेले डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली एक नियम मांडला होता, तो आजही वैद्यकीय जगात त्यांच्या नावाने ओळखला जातो. चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि जिथे बाजाराला जास्त मोकळीक, तिथे हे व्यस्त प्रमाण अधिक ठळक, असा त्याचा आशय आहे. बीडच्या बाबतीत मी त्याला नम्रपणे एक पुरवणी जोडीन. जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी पोचते, पण नको ती सेवा भरपूर पोचते. सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद रिकामे असते आणि तालुक्याच्या रस्त्यावर खाजगी शस्त्रक्रियागृहांच्या पाट्या असतात.

अध्यक्षांची पहिली चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली, असे तीत लिहिले आहे, आणि उपाय अजून सुरूही झालेले नाहीत. मला याचा अंदाज होताच.

उपायांकडे जाण्यापूर्वी सरकारी यंत्रणेची एक अडचण सांगितली पाहिजे, ती सोडून पुढे जाता येणार नाही. आपली ग्रामीण आरोग्यव्यवस्था लोकसंख्येवर आखलेली आहे. सपाट प्रदेशात साधारण पाच हजारांमागे उपकेंद्र, तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, हजारामागे एक आशा, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका. ही लोकसंख्या म्हणजे त्या गावात नोंदलेली. हंगामात गावाबाहेर पाचशे माणसे कोप्या घालून बसली, तरी ती इकडच्या आशाताईंच्या वहीत नसतात, आणि त्यांच्या मूळ गावच्या आशाताईंच्या वहीत असतात, पण गावात नसतात. गरोदर बाईची तपासणी आणि बाळाच्या लसीचा पुढचा डोस यांचा धागा अशा वेळी तुटतो. सहाव्या-सातव्या महिन्यात फडात आलेल्या बाईचे बाळंतपण कोपीत होते, ते याच कारणाने. यात कोणा आशाताईंचा आळस नाही, त्यांच्या कामाची व्याख्याच तशी केलेली आहे.

आता उपाय, आणि ते भराभर सांगतो. काही झाले आहे, ते आधी नोंदवू. २०१९नंतर बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले, आणि स्थलांतरापूर्वी महिलांच्या तपासण्या होऊ लागल्या. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबतच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकाराव्यात, असा आदेश दिला. हे सगळे चांगले आहे, परंतु ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर लक्ष ठेवते. बाई त्या टेबलापर्यंत ज्या रस्त्याने येते, त्या रस्त्याला अजून कोणी हात लावलेला नाही. परवानगीचे बंधन एका जिल्ह्यात असेल, तर शेजारच्या जिल्ह्यात एस. टी. जाते, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून माझ्या मते पहिली गोष्ट खाड्याची. आजारपण, पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण यांबद्दल दंड लावता येणार नाही, हे साखर कारखान्यांचा संघ आणि कामगार संघटना यांच्यातील करारात लिहिले गेले पाहिजे. दर किती वाढला याच्या बातम्या येतात, त्यासाठी संप होतात, लवाद बसतो. खाड्यावर मात्र वाटाघाटीच्या टेबलावर कोणी मूठ आपटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. याचे एक कारण असे, की त्या टेबलाभोवती जे बसतात, त्यांना पाळी येत नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. कोयत्यातल्या बाईची स्वतंत्र कामगार म्हणून नोंद, तिच्या नावाने ओळखपत्र, तिच्या खात्यात तिची अर्धी मजुरी. तिचे नाव कुठेच नसल्यामुळे मातृत्वाचे लाभ, विमा, अपघाताची भरपाई यांपैकी काहीही मागायला तिच्याकडे कागद नसतो. साखर कारखाने म्हणतात की ती आमची कामगार नाही, ठेकेदाराची आहे. तिने तोडलेल्या उसाची साखर आमची नाही, असे मात्र अजून एकाही कारखान्याने म्हटलेले नाही. मुलींच्या लवकर होणाऱ्या लग्नांचाही याच्याशी संबंध आहे. सुट्या मुलाला कोयता होत नाही, जोडीला उचल जास्त मिळते, आणि कोपीत वयात आलेली पोर सोबत ठेवण्याची आईबापांना धास्ती वाटते. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये वीस ते चोवीस वर्षांच्या ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, त्यामागे हेही आहे. हा खरे तर वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

तिसरी गोष्ट पाणी आणि संडास. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचे आणि तितकीच रक्कम शासनाने घालण्याचे ठरलेले आहे. २०२१-२२च्या विक्रमी हंगामात राज्यात तेरा कोटी टनांहून अधिक गाळप झाले, गुणाकार आपणच करा. म्हणजे पैसा नाही, हे उत्तर चालणार नाही. कोप्यांच्या तळावर नळ, वीज, संडास आणि न्हाणी एवढे असले, तरी माझ्या ओपीडीतले निम्मे दुखणे दवाखान्यापर्यंत येणार नाही, असे मी वैद्यकीय जबाबदारीने सांगतो. फडावर पाण्याचा टँकर आणि ओढून नेता येईल असा आडोसा द्यायला तर नवीन कायद्याचीही गरज नाही.

चौथी गोष्ट, दवाखान्याने बाईच्या मागे जायचे. हंगामात कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील प्राथमिक आरोग्य केंद्राची लोकसंख्या तात्पुरती वाढवून धरावी, तळावर रात्री आठनंतर तपासणी ठेवावी, कारण दिवसा तपासणी म्हणजे पुन्हा खाडा. प्रत्येक मोठ्या टोळीतील एका बाईला गोळ्यांची पेटी, प्रशिक्षण आणि मानधन द्यावे. ती त्यांच्यातलीच असते, त्यांच्यासोबत प्रवास करते, आणि चौदा दिवसांच्या गोळ्या चौदा दिवस पोटात जातात की नाही, हे पाहणारे तिच्याशिवाय दुसरे कोणी तिथे नसते.

दुसरी चिठ्ठी आली, तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. सभागृहातून कोणीतरी मघाशी म्हणाले, “आता हार्वेस्टर येतोय, हा प्रश्नच संपेल.” हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडणारे यंत्र, येतो आहे, लहान आणि ओल्या रानांत तो अजून अडतो, पण येतो आहे. तो आला की ऊसतोड महिलांचे खाडे जातील आणि मजुरीही जाईल. ज्यांची गर्भाशये, कंबरा आणि गुडघे या धंद्यात आधीच खर्ची पडले आहेत, त्या हजारो जणींना पुढे कोण सांभाळणार, याची तरतूद हार्वेस्टरच्या अनुदानात नाही.

एवढे सांगून थांबतो, आणि थांबताना एक व्यावहारिक विनंती. कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या सुमारास होतात. सभासदाला आधी लेखी प्रश्न देता येतो. आपल्यापैकी जे सभासद आहेत, त्यांनी दोनच प्रश्न लिहून द्यावेत : मागील हंगामात आपल्या कार्यक्षेत्रात तोडणी केलेल्या महिलांची संख्या आणि नावे कारखान्याच्या दप्तरी आहेत काय, आणि त्यांच्या तळांवर किती संडास बांधले. उत्तर बहुधा ‘माहिती घेऊन कळवण्यात येईल’ असे येईल. तरीही प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारावेत. आता अध्यक्षांची परवानगी असेल, तर प्रश्न घेऊ. खुशालीबद्दलचा प्रश्न कोण विचारणार आहे, ते मला इथून दिसते आहे.